प्रवेशाचे पेढे, पदवीचे पेढे

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





चवथ नुकतीच झाली आहे. घरच्या नेवऱ्यांचे डबे अजून रिकामे झाले नसतील. अशा वेळी गंभीर विषयावर बोलायला उभे राहणे म्हणजे श्रोत्यांच्या सहनशीलतेची परीक्षाच. पण कार्यकारिणीने मला सांगितले की, ‘मॅडम, तुम्ही इतकी वर्षे महाविद्यालयात शिकवले, शिक्षणावरच बोला.’ आणि गणपती ही तर विद्येची देवता. तेव्हा फार अवघड न करता, जे डोळ्यांनी पाहिले तेच सांगते.

आपले मंडळ दर वर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करते. दहावीला, बारावीला नव्वद टक्क्यांच्या वर गुण मिळवलेल्या मुलामुलींना गुलाबाचे फूल, प्रमाणपत्र आणि पेनांचा संच देते. चांगली प्रथा आहे, ती चालूच राहावी. पण मला आज त्या यादीत ज्यांचे नाव कधीच येत नाही, त्यांच्याविषयी बोलायचे आहे. अठ्ठावन्न टक्के, बासष्ट टक्के मिळवणारी ही मुले. घरात कॉलेजची पायरी चढलेले आधी कोणी नाही. वडील मजुरीला, नाहीतर ट्रकवर. आई बाजारात भाजी घेऊन बसते, नाहीतर चार घरची कामे करते. ही मुले आपल्या साखळीतच राहतात. सोमवारच्या बाजारात आपण त्यांच्याकडूनच भाजी घेतो.

जून महिन्यात आपल्याकडे पेढे वाटले जातात. मुलाला कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून शेजारीपाजारी पेढे देतात. तीन वर्षांनी त्याच घरातून पुन्हा पेढे यायला हवेत, पदवीचे. अनेक घरांतून ते येतात. काही घरांतून येत नाहीत. आणि गंमत अशी की, ते आले नाहीत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. प्रवेशाची यादी लागते, निकालाची यादी लागते. मधूनच कॉलेज सोडून गेलेल्यांची यादी कुठल्याच फलकावर लागत नाही.

माझ्याही लक्षात आले नव्हते. ती गोष्ट आधी सांगते, कारण माझ्या बोलण्याचे मूळ तिच्यात आहे.

आपणा सर्वांना २०१२ साल आठवत असेल. त्याआधी या डिचोली तालुक्यात रस्त्यावर निघायचे म्हणजे खनिजाच्या टिप्परांची रांग ओलांडावी लागे. झाडांची पानेसुद्धा लाल झालेली असत. धुळीने आपण वैतागलो होतो, हे खरे. पण त्या धुळीवर कितीतरी घरांच्या चुली पेटत होत्या. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि एका पावसाळ्याच्या शेवटी सगळे टिप्पर अंगणात उभे राहिले. २०१४ मध्ये न्यायालयाने मर्यादा घालून परवानगी दिली. मग २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चपासून पुन्हा सगळे थांबले. खाणी हव्यात की नकोत, या वादात मी आज शिरत नाही. न्यायालयाने जे पाहिले ते नियमभंग आणि पर्यावरणाचे नुकसान होते, ते नाकारता येणार नाही. पण वर्गात त्याचे काय पडसाद उमटले, ते मी पाहिले आहे.

मी त्या वेळी गोव्यातल्या एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेला शिकवत होते. दुसऱ्या वर्षाला एक मुलगा होता. मागच्या बाकावर बसायचा, हुशारही नाही आणि ढही नाही. त्याच्या वडिलांनी बँकेचे कर्ज काढून दोन टिप्पर घेतले होते. दिवाळीनंतर तो कधी यायचा, कधी नाही. जानेवारीत यायचाच बंद झाला. मी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहीत राहिले. मनात म्हटले, अभ्यासात लक्ष नाही, मुलगा वाया चालला. नवे वर्ष सुरू झाले, नवा हजेरीपट आला, त्यात त्याचे नावच नव्हते. मी विसरून गेले.

दोनेक वर्षांनी साखळीच्या बाजारात एका पिकअपमधून भाजीच्या टोपल्या उतरवताना तो दिसला. ‘टीचर’ म्हणून हाक मारली, माझी पिशवी उचलली आणि बसस्टँडपर्यंत आला. मी विचारले, ‘अरे, तू मध्येच का सोडलेस?’ तो म्हणाला, ‘परीक्षेचा फॉर्म भरायचा होता आणि त्याच आठवड्यात ट्रकचा हप्ता होता. बाबांकडे कोणत्या तोंडाने मागणार? मग हजेरीही कमी पडली, मग परत यायची लाज वाटली.’ मी म्हटले, ‘मला सांगायचे नाही का?’ तो अगदी साधेपणाने म्हणाला, ‘टीचर, तुम्ही एकदा विचारले असते तर सांगितले असते.’

त्या फॉर्मची रक्कम आपल्या या मंडपात एका दिवसाला लागणाऱ्या फुलांच्या खर्चाएवढीही नव्हती. आणि विचारायला तर काहीच पैसे लागत नव्हते. हा दोष कोणा संस्थेचा नाही, सरकारचा नाही, माझा आहे. तेव्हापासून ‘गैरहजर’ हा शब्द लिहिताना माझा हात थांबतो. आणि तेव्हापासून मी या विषयाकडे जरा नीट पाहू लागले.

मंडळी, गरीब विद्यार्थ्याला शिक्षणासाठी मदत करणे ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. वार लावून जेवणे हे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने पाहिलेले आहे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवून मुले शिकली. त्यात अपमानही गिळावा लागे आणि त्या सोयीला जातीची कुंपणे होती, हेही विसरू नये. आपल्याच गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ साली घर सोडून संस्कृत शिकायला निघाले, आणि काशीला अन्नछत्रात जेवून त्यांनी अध्ययन केले. पुढे ते बौद्ध विद्येचे जगन्मान्य पंडित झाले. ते अन्नछत्र नसते तर काय झाले असते, याचा विचार करून पाहावा.

माझे माहेर कोल्हापूरचे. माझे वडील तिथल्या एका बोर्डिंगात राहून शिकले. ती बोर्डिंगे राजर्षी शाहू महाराजांची देणगी. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग सुरू झाले आणि मग एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहत गेली. महाराजांना एक गोष्ट बरोबर कळली होती. शाळा शहरात आहे, मुलगा खेड्यात आहे. फी माफ करून उपयोग काय, त्याने रात्री झोपायचे कुठे आणि खायचे काय? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, हे महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. पुण्यात १९५५ मध्ये अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली. खेड्यातून आलेल्या गरजू मुलांना राहायला जागा, जेवण आणि त्याबरोबर काम करण्याची सवय, असे तिचे स्वरूप. आजही ती उभी आहे.

या सगळ्यांत एक समान धागा आहे. कोणीही मुलाच्या हातात नुसते पैसे ठेवून मोकळे झाले नाही. छप्पर दिले, ताट दिले, आणि रात्री ‘अभ्यास झाला का रे?’ असे विचारणारे एक माणूस दिले. यातले तिसरे सगळ्यात स्वस्त, आणि तेच आज सगळ्यात दुर्मिळ झाले आहे.

आता गोव्याचे पाहू. मुक्तीपूर्वी इथल्या मुलाला कॉलेज करायचे तर बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबई गाठावी लागे. ज्याच्या घरी ऐपत तोच जाई. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि लगेच १९६२ मध्ये पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले ही महाविद्यालये निघाली. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा नेल्या. आज साठी-सत्तरीत असलेल्या डिचोली-सत्तरीतल्या कितीतरी लोकांनी अ-आ-इ त्या मराठी शाळांतच गिरवले. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ आले. १९८८ मध्ये आपल्या साखळीला सरकारी महाविद्यालय आले. तिकडे पेडण्यालाही सरकारी महाविद्यालय झाले, आणि त्याला संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाव आहे.

म्हणजे शाहू महाराजांच्या काळी जो प्रश्न होता, मुलगा इथे आणि कॉलेज तिथे, तो आपल्याकडे बराच सुटला. केरी, होंडा, पाळी, नावेली, कुडणे इथली मुलगी सकाळी घरून निघून संध्याकाळी घरी परत येऊ शकते. मुलींच्या शिक्षणाला याचा किती मोठा आधार झाला, हे वेगळे सांगायला नको. सरकारी महाविद्यालयाची फीही तुलनेने कमी. मग अडते कुठे? माझ्या अनुभवात तीन उंबरठ्यांवर अडते.

पहिला उंबरठा तयारीचा. आपली मुले चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी शाळेत शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्रजी माध्यमात जातात. आपल्या घरात वर्तमानपत्र आहे, शब्दकोश आहे, समजावून सांगणारे आई-बाबा आहेत, म्हणून आपली मुले ती उडी मारतात. ज्या घरात हे काही नाही, तिथला मुलगा पाचवी-सहावीत गणित येत असूनही गणिताचा प्रश्न वाचता येत नाही म्हणून मागे पडतो. हे मागे पडणे दहावीपर्यंत लपून राहते आणि अकरावीत विज्ञान शाखेत गेल्यावर उघडे पडते. मातृभाषेत सुरुवात करणे चूक आहे, असे मी म्हणत नाही. उलट पाया त्यामुळेच पक्का होतो. पण त्या पायावरून वरच्या मजल्यावर जायला जिना हवा. पाचवी ते आठवीच्या मुलांना रोज तासभर कोणीतरी बसून वाचून घेणे, हा तो जिना.

याच वयात आणखी एक संधी हातची जाते. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या, वार्षिक साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांसाठी ती आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये मिळतात. बारा हजार म्हणजे महिन्याला हजार. आपल्याला ती रक्कम लहान वाटेल. पण ज्या घरात ‘दहावी झाली, आता कामाला लाग’ असे वाक्य ओठांवर तयार असते, तिथे हे हजार रुपये ते वाक्य दोन वर्षे पुढे ढकलतात. परीक्षेचा सराव करून घेतला तर साधारण मुलेही ती देऊ शकतात. पण फॉर्मची तारीखच माहीत नसते.

दुसरा उंबरठा प्रवेशाचा, आणि तो कागदांचा बनलेला आहे. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, आधारला जोडलेले बँक खाते, प्रत्येक कागदावर एकच नाव. आपल्याकडे नावाचा घोटाळा किती असतो, ते तुम्ही जाणता. जन्मदाखल्यावर आडनाव ‘गांवकर’, शाळेत ‘गावस’, आधारवर तिसरेच. एका अक्षरासाठी शिष्यवृत्ती अडते. रोजंदारीवर काम करणाऱ्या बापाला मामलेदार कचेरीत एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे. दोन खेपा झाल्या, तिसऱ्या वेळी ‘अमुक कागद राहिला’ म्हटले की तो म्हणतो, ‘जाऊ दे, नको ती स्कॉलरशिप.’ त्याला आपण आळशी म्हणतो. तो आळशी नाही. त्याचा हिशेब बरोबर आहे, फक्त त्याला तीन वर्षांचा हिशेब कोणी मांडून दाखवलेला नाही.

हे फक्त आपल्याकडे आहे असे समजू नका. अमेरिकेत बेंजामिन कॅसलमन आणि लिंडसे पेज या दोन संशोधकांनी असे पाहिले की, कॉलेजात प्रवेश निश्चित झालेली गरीब घरची बरीच मुले सुट्टीनंतर कॉलेज सुरू होते त्या दिवशी उगवतच नाहीत. शाळा संपलेली असते, कॉलेज सुरू झालेले नसते, मधल्या दोन महिन्यांत त्यांना विचारणारे कोणीच नसते. एखादा फॉर्म, एखादी फी, एखादा न समजलेला कागद, आणि मूल गळते. तिथे त्यांनी मुलांना त्या सुट्टीत आठवणीचे संदेश पाठवले, शंका विचारायला माणूस दिला, आणि प्रवेश घेणाऱ्यांचे प्रमाण वाढले. आपल्याकडे ही सुट्टी म्हणजे बारावीच्या निकालापासून जून-जुलैपर्यंतचा काळ. नेमका तेव्हाच मुलगा ‘तेवढ्यापुरते’ म्हणून एखाद्या दुकानात, हॉटेलात कामाला लागतो. पहिला पगार हातात येतो. घर त्या पगाराला सवकते. मग कॉलेज राहून जाते.

तिसरा उंबरठा सगळ्यात उंच, आणि तो कोणाला दिसत नाही, कारण तो दाराच्या आत आहे. तो म्हणजे पूर्ण करण्याचा. पहिल्या सत्रात दोन विषय राहिले की, ज्याच्या घरात कोणी शिकलेले आहे त्याला मोठी बहीण सांगते, ‘अगं, माझेही राहिले होते, पुढच्या वेळी सुटतात.’ ज्याच्या घरात कोणी नाही, त्याला वाटते, ‘कॉलेज आपल्यासारख्यांसाठी नाही.’ नापास होण्याचे दुःख दोघांना सारखेच, पण अर्थ निराळा लागतो. मग बसचा पास संपतो आणि नवा काढायचे राहते. मग लग्नसराईत केटरिंगचे काम मिळते. मग हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली जाते. केंद्र सरकारची एक शिष्यवृत्ती आहे, बारावीच्या बोर्डात वरच्या वीस टक्क्यांत आलेल्या आणि साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांसाठी. पदवीच्या काळात वर्षाला बारा हजार रुपये मिळतात. पण ती दर वर्षी नूतनीकरण करावी लागते आणि त्याला पन्नास टक्के गुण आणि पंचाहत्तर टक्के हजेरीची अट आहे. म्हणजे ज्याला गरज म्हणून काम करावे लागते, त्याचीच हजेरी कमी पडते आणि त्याचीच शिष्यवृत्ती जाते.

यावर उपाय आहे का? आहे, आणि तो आकड्यांनी सिद्ध झालेला आहे. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाने २००७ मध्ये एक उपक्रम सुरू केला. गरीब घरच्या मुलांना त्यांनी चार साध्या गोष्टी दिल्या. फीची उरलेली रक्कम, पाठ्यपुस्तके, शहरातल्या बस-रेल्वेचा पास, आणि वारंवार भेटणारा एक ठरलेला सल्लागार. त्या सल्लागाराला भेटणे आणि नेमाने वर्गाला येणे, ही पास मिळण्याची अट. मग सारख्याच परिस्थितीतल्या मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून तीन वर्षे पाहणी केली. ज्या गटाला ही मदत नव्हती, त्यातले शंभरातले बावीस जण तीन वर्षांत अभ्यासक्रम पूर्ण करू शकले. ज्यांना होती, त्यांच्यातले चाळीस. जवळजवळ दुप्पट. पुढे ओहायो राज्यात हाच प्रयोग झाला, तिथेही असेच दिसले.

बसचा पास, पुस्तके, आणि विचारणारे माणूस! कर्मवीरांना हे कोणत्याही पाहणीशिवाय कळले होते. आणि आपल्याकडे कदंब बसचा विद्यार्थ्यांसाठी सवलतीचा पास आहेच.

आता दोन आक्षेप मी नेहमी ऐकते. पहिला, ‘सरकार सगळे देते, आपण कशाला?’ सरकार खरोखरच बरेच देते. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या आहेत. योजना आहे, पण योजनेपर्यंत जाणारी पायवाट नाही. ती पायवाट सरकार बांधू शकत नाही, शेजारी बांधतो. शिवाय सरकारचे पैसे वर्षाच्या शेवटी येतात आणि परीक्षेचा फॉर्म येत्या शुक्रवारी भरायचा असतो.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. ‘पदवी घेऊन तरी नोकरी कुठे आहे? त्यापेक्षा आयटीआय बरे.’ मी याला सरसकट नाही म्हणत नाही. ज्याला हाताच्या कामाची आवड आहे त्याने आयटीआय करावे, डिप्लोमा करावा, त्यात कमीपणा नाही. पण ते त्याने निवडलेले असावे. आपल्या मुलाने इंजिनिअरिंग की कॉमर्स हे ठरवायला आपण सहा महिने चर्चा करतो, आणि दुसऱ्याच्या मुलाला मात्र एका वाक्यात आयटीआयला पाठवतो. आणि एक नक्की सांगते. पदवी करावी किंवा न करावी, पण अर्धी पदवी ही सगळ्यात महाग गोष्ट आहे. दोन वर्षे गेली, पैसे गेले, आणि हातात कागद नाही. ते नुकसान सगळ्यात गरीब घर सोसते.

आता आपल्याविषयी. या सभागृहात बसलेली बहुतेक घरे गोव्यात दोन-तीन पिढ्या राहिलेली आहेत. कोणी शिक्षक म्हणून आले, कोणी बँकेत, कोणी खाण कंपनीत, कोणी माझ्यासारखी लग्न होऊन. गोव्याने आपल्याला घर दिले, मान दिला. आपली मुले आज पुण्यात, बंगळुरूला, परदेशात आहेत. आपल्याकडे खूप पैसा नसेल, पण एक गोष्ट भरपूर आहे. आपल्याला फॉर्म भरता येतो! प्रवेशप्रक्रिया, बँकेचे कर्ज, मुलाखत, हे सगळे आपण स्वतःच्या मुलांसाठी केलेले आहे. हा अनुभव निवृत्तीनंतर घरात पडून आहे. तो कामाला लावावा, एवढेच माझे मागणे.

म्हणून मंडळापुढे चार सूचना ठेवते.

पहिली, जून महिन्यातले दोन रविवार या सभागृहात एक टेबल लावावे. कोणीही मुलगा, मुलगी कागद घेऊन यावी आणि आपण बसून फॉर्म भरून द्यावा. कोणता कागद कमी आहे, ते एका चिठ्ठीवर लिहून द्यावे, म्हणजे बापाची एक खेप वाचेल. योजनांच्या अटी आणि तारखा दर वर्षी बदलतात, तेव्हा त्या वर्षीची अधिसूचना समोर ठेवूनच सांगावे. ऐकीव माहितीवर कोणाचे वर्ष जाऊ नये.

दुसरी, एक छोटा आकस्मिक निधी ठेवावा. परीक्षेचा फॉर्म, बसचा पास, चष्मा, एखादे पुस्तक, एवढ्यासाठीच. निर्णय दोन दिवसांत व्हावा. त्यासाठी बैठक, ठराव, अनुमोदन यांची वाट पाहायला लागली तर तो निधी नसल्यासारखाच.

तिसरी, एका कुटुंबाने एका विद्यार्थ्याला तीन वर्षे धरावे. पैसे देऊ नका म्हटले तरी चालेल. महिन्यातून एकदा फोन करावा आणि तीन प्रश्न विचारावेत. वर्गाला जातोस ना? कोणता फॉर्म भरायचा आहे का? जेवतोस ना वेळेवर? पहिल्या वर्षी तर जरूर. आणि निकालाच्या दिवशी फोन करायला विसरू नये, विशेषतः निकाल वाईट लागला असेल तर.

चौथी सूचना कदाचित आवडणार नाही, पण सांगते. मदतीचा धनादेश मंचावर बोलावून, फोटो काढून देऊ नये. माझ्या ओळखीच्या एका मुलीने एका ठिकाणची मदत केवळ या कारणाने नाकारली होती. ती म्हणाली, ‘टीचर, माझ्या वर्गातल्या मुली समोर बसलेल्या असतील.’ आपण तिला अभिमानी म्हणू शकतो. पण तोच अभिमान तिला पदवीपर्यंत नेणार आहे, तो आपण मंचावर काढून घेऊ नये. वार लावून जेवलेल्या आपल्या आजोबांनी जे गिळले, ते पुढच्या पिढीला गिळायला लावू नये.

यात आपला-परका असा भेद नसावा. मराठी शाळेतला असो, कोकणी शाळेतला असो, की कर्नाटकातून कामासाठी आलेल्या मजुराचा मुलगा असो, साखळीच्या बसस्टँडवर उभा राहणारा प्रत्येक विद्यार्थी आपला. आणि आपल्या कामाचा हिशेब कितीजणांना मदत ‘दिली’ यावर मांडू नये. तीन वर्षांनी कितीजणांनी पूर्ण केले, यावर मांडावा. दहा जणांना धरले आणि सात पदवीधर झाले, तर राहिलेल्या तिघांची नावे आपल्याला माहीत असली पाहिजेत आणि का राहिले, हेही.

आपण चवथीला माटोळी बांधतो. तिला लागणारी फळे-पाने एका घरात कधीच नसतात. कोणी रानातून आणतो, कोणी परसातून काढून देतो, कोणी नुसता दोरा बांधायला उभा राहतो. हे कामही तसेच आहे. कोणी पैसे द्या, कोणी जुनी पुस्तके द्या, कोणी दोन रविवार द्या.

शेवटी त्या मुलाचे काय झाले, हे विचाराल. तो पुन्हा कॉलेजात आला नाही. मी सांगून पाहिले, बाहेरून परीक्षा दे म्हटले, पण तोवर घर त्याच्या खांद्यावर आले होते. आज त्याचा स्वतःचा पिकअप आहे, कर्ज फेडले आहे, चांगला चालला आहे. त्याच्या पदवीचे पेढे मी खाल्ले नाहीत. पण त्याची धाकटी बहीण कॉलेजला गेली, तेव्हा तो दर सत्राला मला फोन करायचा. ‘टीचर, फॉर्मची तारीख कधी?’ एवढेच विचारायचा आणि ठेवून द्यायचा. सहा सत्रे, सहा फोन. ती पदवीधर झाली, तेव्हा तो स्वतः माझ्या दारात पेढ्यांचा पुडा घेऊन आला. त्या पुड्यातला पहिला पेढा मी त्यालाच भरवला, कारण ती पदवी जितकी बहिणीची होती, तितकीच त्याची होती.

जे काम त्याने एका बहिणीसाठी केले, ते आपल्या मंडळाने दहा-बारा मुलांसाठी करावे, अशी गणरायाच्या चरणी प्रार्थना करते.  आता आरतीला उशीर नको.

गणपती बाप्पा मोरया!